आंब्याची राखण

"आत्या, मी घरी पोचले," भाचीचा फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनच्या बाजारात सोडे निवडत होते. घराची चावी माझ्या पर्समध्ये होती.

मी तिला चार वेळा बजावलं होतं. आगरदांड्याला लाँच पकड, दिघीला उतर, रिक्षा करून बोर्लीला ये. मी स्टँडवर उभी असेन, पुढे गावात दोघी मिळून जाऊ. पण ती पडली बापाची लेक, सांगितलेलं ऐकेल ती कसली. रिक्षावाल्याला तिनं अर्ध्या वाटेवरच गावात वळवलं होतं. घरी म्हणजे नेमकी कुठे पोचलीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, आंब्यापाशी. झाड पडलेलं दिसतंय, पण बुंधा शिल्लक आहे. इथल्या बाई फार चांगल्या आहेत, त्यांनी चहा ठेवलाय.

सोडे पाटीत परत टाकले, कोळीण काहीतरी पुटपुटली, तिच्याकडे लक्ष न देता मी रिक्षा गाठली. भाची ज्या आंब्यापाशी बसली होती तो आमचा नव्हता. ते घरही आमचं नव्हतं.

हे सगळं माझ्या भावाचं कर्तृत्व. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. इंजिनीअर होऊन इंग्लंडला गेला, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी यंत्रांची, पण हात लिहायला शिवशिवायचे. तिकडच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात त्याची कथा यायची आणि तो अंक टपालानं माझ्याकडे यायचा. मी हायस्कुलात मराठी शिकवत होते, त्यामुळे वाचताना लाल पेन हातात नसलं तरी डोळ्यांत असायचंच. त्याच्या प्रत्येक कथेत माणूस म्हणजे झाड. गाव सोडणं म्हणजे मुळं उपटणं, परदेश म्हणजे कुंडी, म्हातारपण म्हणजे पानगळ. शेवटी नायक विमानात डोळे मिटतो आणि त्याला अंगणातला आंबा दिसतो, आंब्याखाली आरामखुर्ची टाकून बसलेले वडील दिसतात. एकदा मी फोनवर म्हटलं, दादा, पुढच्या वर्षी एखादी बिनझाडाची कथा लिही की. महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

झाडाचं मी एक वेळ सोसलं असतं, मला राग यायचा तो आरामखुर्चीचा. आमच्या वडलांनी आरामखुर्ची पाहिली ती लांबून. आमचं घर गावाच्या खालच्या टोकाला, बौद्धवाडीत, खाडीलगतच्या खारातल्या शेतांच्या कडेला. अंगण एवढंसं की दोन खाटा टाकल्या की भरलं, त्यात एक शेवगा आणि कोंबड्यांचं खुराडं. आंबा होता वरच्या टोकाला, खोतांच्या आवारात. वडील दर वर्षी त्याची राखण करायचे. फळ धरलं की आंबे उतरवून होईपर्यंत त्यांचा मुक्काम झाडाखाली, आणि शाळेला सुट्टी लागली की भावाचाही. दिवसा पोरं आणि माकडं हाकायची, रात्री वटवाघळं. त्याबद्दल पावसाच्या तोंडाला भात मिळायचं आणि वाऱ्यानं पडलेले आंबे मिळायचे. झाडावरचा आंबा आम्ही कधी खाल्ला नाही.

कथांमधलं बाकी सगळं खरं होतं. धक्क्यावरून येणारा रस्ता, डावीकडे देऊळ, देवळामागे विहीर, विहिरीच्या अंगाला आंबा. पत्ता अगदी बिनचूक, फक्त मालक बदलला होता. पोरगी त्या पत्त्यावर गेली आणि बरोबर तिथेच पोचली. चूक तिची नव्हतीच.

त्यानं असं का केलं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी एकदाच त्याच्याकडे राहून आले आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. चहाच्या वेळी जो तो आपापल्या गावचं अंगण काढून बसला. कुणाची तुळस, कुणाचा झोपाळा, कुणाची मागची विहीर. त्या विहिरींवर आमच्या आजीला घागर लावायची मुभा नव्हती, हे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. भाऊही हसत हसत आपला आंबा सांगत होता. त्याच्या घरात दर्शनी खोलीत बुद्धाची मूर्ती होती, पण तिकडे लोक बुद्ध शोभेसाठी बागेतही ठेवतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे बुद्धाशेजारी जी दुसरी तसबीर असते ती त्यानं कपाटाच्या दाराला आतून लावली होती. मी कपाट उघडलं, पाहिलं, बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प राहिले.

पण मूठ झाकून ठेवणाऱ्याला हे सुचत नाही की घरातलं पोर त्या मुठीत काय आहे याच्या गोष्टी रचत बसतं. भाची त्या कथा ऐकत मोठी झाली. तिचं मराठी त्या कथांमधूनच आलं, त्यामुळे ती अजूनही जुन्या दिवाळी अंकासारखी बोलते. "आत्या, किती विलक्षण शांतता आहे," असं म्हणते आणि माझ्या शेजारणी तोंडाला पदर लावतात. मोठी होऊन तीही लिहायला लागली, इंग्रजीत. गेल्या वर्षी तिनं आपल्या पहिल्या कादंबरीचा मजकूर मला पाठवला. मी तो बोर्लीत छापून घेतला आणि शब्दकोश मांडीवर ठेवून महिनाभर वाचला.

कादंबरी आमच्याच घराची होती. बापाच्या आंब्यावरच तिनं पुढची फांदी बांधली होती. तिची नायिका म्हणजे कलम, काडी आजोबांच्या आंब्याची आणि खोड परक्या मातीतलं. बाप म्हणजे असं झाड, ज्याची मुळं एकीकडे आणि सावली दुसरीकडे. लहानपणी ती बापाजवळ झोपायची तेव्हा तो झोपेत पाय झाडायचा. त्यावर तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, की हा माणूस रोज रात्री आमच्या घरातून पळून जायला निघतो आणि रोज सकाळी सापडतो. ते वाचून मला रडू आलं. मग पुढच्याच पानावर आरामखुर्चीत आजोबा आले, हातात पानसुपारीचा डबा, समोर हात जोडून उभे असलेले गडी. मी कागद बाजूला ठेवले. त्या गड्यांत माझे वडील उभे होते आणि त्यांच्या नातीनं त्यांना ओळखलं नव्हतं.

भावानं मात्र ती कादंबरी वाचली नव्हती. मोतीबिंदू आहे, अक्षरं हलतात, असं लेकीला सांगत होता. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली होती. त्यावरून बापलेकीचं बोलणं तुटल्यासारखंच झालं होतं. तिला वाटत होतं, बापाला तिचं लिहिणं बघायचंही नाही. पुस्तक पुढच्या महिन्यात छपाईला जायचं होतं, आणि त्याआधी एकदा त्या झाडाखाली बसायचं म्हणून ती एकटी निघाली. ती निघाल्याचं कळताच भावाचा मला फोन आला. जुनं काही उकरून काढू नकोस, एवढंच म्हणाला. झाड वादळात पडलं म्हणून सांग, तेवढं पुरे. मी हो म्हटलं. झाड खरंच पडलं होतं, करोनाच्या वर्षी वादळ आलं त्यात. खोटं बोलावं लागणार नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं.

तेव्हा आता बघा कशी पंचाईत झाली. पोरीनं पुस्तकात आजोबांना खोत करून ठेवलं, आणि पुस्तक छापलं गेलं की ते तसेच राहणार. खरं सांगावं तर बाप लेकीच्या नजरेतून उतरणार. रिक्षात बसल्याबसल्या मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून चिडले.

खोतांच्या फाटकाशी उतरले. लहानपणी या आवारात मी मागच्या बाजूनं यायची, भाकरीचं फडकं घेऊन. पुढे शिक्षिका झाल्यावर मतदारयादीच्या कामाला पुढच्या फाटकानं आले, तेव्हा खुर्ची अंगणात मांडली गेली. आता तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत आणि घरची सून ते सगळं बघते. ती माझी विद्यार्थिनी, दहावीला मराठीत जेमतेम पास झालेली, पण माणूस म्हणून पहिल्या वर्गातली. ती ओटीवर उभी होती. भाची बुंध्यावर हात ठेवून बसली होती, चेहरा असा उजळलेला की मला पुढे पाऊलच टाकवेना.

भाची म्हणाली, मी यांना सांगत होते, आमचे आजोबा इथेच बसायचे. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, गावात कुणाला ठाऊक नाही. पण तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. पाहुणीला चहा दिला होता आणि माझी वाट बघत उभी राहिली होती. "बाई, वर या ना," एवढंच म्हणाली.

मी वर गेले नाही. भाचीशेजारी बुंध्यावरच बसले, कारण उभ्यानं ते सांगता आलं नसतं.

"बाळा, हे झाड आपलं नव्हतं," मी म्हटलं. "घरही नाही. तुझे आजोबा याची राखण करायचे."

तिला आधी कळलंच नाही. राखण म्हणजे काय, असं विचारलं. मी सांगितलं. भात किती मिळायचं, पडलेले आंबे कुणाचे, आम्ही कुठल्या वाटेनं यायचो, सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचा हात बुंध्यावरून उचलला गेला, परक्याच्या वस्तूवरून उचलावा तसा. ते मला बघवलं नाही. मी तो हात धरला आणि परत बुंध्यावर ठेवला.

"म्हणजे बाबा खोटं सांगत होते," ती म्हणाली.

झाड त्यानं खरंच सांगितलं, फक्त कुणाचं ते सांगितलं नाही, असं मी म्हटलं. पण मला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. ती रडली नाही. मला का नाही सांगितलं, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिली, मी कुणाला सांगायला जाणार होते? तिला राग आला होता, आणि मला तो पटत होता.

सूनबाई इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. तिला बहुतेक आम्हा दोघींची दया आली. ती म्हणाली की तिच्या सासूबाई नेहमी सांगायच्या, मास्तरणीच्या वडलांचा डबा वाजला की आम्हाला निवांत झोप लागायची. भाचीनं मान वर केली. कसला डबा?

मग मी तिला ते सांगितलं. झाडाच्या उंच फांदीला रॉकेलचा रिकामा पत्र्याचा डबा टांगायचा, त्यात एक दगड, आणि डब्याला बांधलेली सुंभाची दोरी खालपर्यंत सोडायची. वटवाघळं आली की दोरी ओढायची. डबा खणखणला की ती उडून जायची आणि थोड्या वेळानं परत यायची, म्हणून रात्रभर थांबून थांबून ओढावी लागायची. अख्खी रात्र जागणार कोण, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याची युक्ती होती, दोरी कुठे बांधायची ते तुझ्या बापाला विचार. मी सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. त्याचं त्याच्यासाठी काहीतरी ठेवायला हवं होतं.

निघताना सूनबाईनं त्या झाडाच्या लाकडाचा एक पाट आणून दिला. भाचीनं तो छातीशी धरला, पण हा मी कुठल्या नात्यानं घेऊ, असं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, राखणदाराची नात म्हणून घे.

घरी आम्ही शेतांच्या बांधावरून चालत गेलो. लावणी अर्ध्यावर आली होती, बायका चिखलात ओणव्या होत्या, आवणाच्या, म्हणजे उपटलेल्या रोपांच्या, मुठी पाण्यात पडलेल्या होत्या. भाची पाट सावरत पुढे चालत होती. मला गप्प बसवत नाही, तो माझ्या धंद्याचा दोष. मी तिला म्हटलं, दादाचं ते मुळं उपटण्याचं रडगाणं मला कधीच पटलं नाही. भात खाणाऱ्या माणसानं असं लिहू नये. भाताचं बी राबाच्या वाफ्यात दाट पेरतात, मग रोप मुळासकट उपटतात, मुळं धुतात आणि दुसरीकडे लावतात. उपटलं नाही तर तिथेच पिवळं पडतं. वडलांनी आम्हा दोघांना शाळेत घातलं तेव्हाच आम्हाला उपटलं होतं, हौसेनं. यात रडायचं काय आहे? वर मी असंही ऐकवलं की खोतांचा आंबासुद्धा कलमीच होता, म्हणजे त्याची मुळं तरी त्याची कुठे होती.

मला वाटलं होतं पोरगी थांबेल, वही काढेल. ती म्हणाली, "हे सुंदर आहे, आत्या. पण हे तुझं आहे. बाबांचं नाही."

वर्गात एखादं पोर असं बरोबर उत्तर देतं तेव्हा शाबासकी द्यावी लागते, आणि आपण तर दुसरंच उत्तर फळ्यावर लिहून बसलेलो असतो.

घरी कुलूप काढलं. तिनं एवढंसं अंगण पाहिलं, शेवगा पाहिला, बुद्धाशेजारची तसबीर उघड्यावर पाहिली आणि तिला नमस्कार केला. पाट भिंतीशी ठेवला. जेवताना तिनं कादंबरीबद्दल एकच गोष्ट विचारली. आता माझे आजोबा पुस्तकात कुठे बसणार? मी म्हटलं, ते बसायचेच नाहीत गं.

संध्याकाळी तिनं भावाला व्हिडिओ कॉल लावला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. तिकडे दुपार होती. त्यानं आधी पावसाचं विचारलं, मग लाँचचं, मग जेवलात का. त्याची नजर लेकीवरून माझ्याकडे आणि माझ्यावरून मागच्या भिंतीकडे फिरत होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला. सत्तरीतला माणूस, आणि परीक्षेचा निकाल घ्यायला आल्यासारखा बसला होता.

"बाबा," भाची म्हणाली, "डब्याची दोरी तुम्ही रात्री कुठे बांधायचात?"

त्याची फिरती नजर माझ्यावर थांबली. मग त्यानं मला विचारलं, "सांगितलंस?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढे तो जे बोलला ते त्याच्या कथांच्या भाषेत नव्हतं. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून ती बोली मी ऐकली नव्हती.

"पायाला," तो म्हणाला. "उजव्या घोट्याला. मी झोपेत लय लोलायचो, म्हणून बा माझ्याच पायाला बांधायचा. कूस बदलली की डबा वाजायचा. बाला तेवढीच झोप मिलायची." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सकाली ही यायची भाकरी घेऊन. दोरी हीच सोडायची. मी उठायचोच न्हाय."

त्या गाठी मला आठवत होत्या. दवानं सुंभ फुगायचा आणि गाठ दातांनी सोडवावी लागायची. मी मान हलवली.

भाचीच्या लक्षात आलं होतं. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, कारण ते झोपेत पाय झाडण्याचं प्रकरण मी शब्दकोश घेऊन वाचलं होतं आणि तरी मला दिसलं नव्हतं.

"तुजं पुस्तक वाचलं मी," भाऊ म्हणाला. "तीनदा वाचलं. चांगलं लिवलंस. पण ते पायाचं चुकलंय. मी पलून जात नव्हतो, बाय. राखण करत होतो."

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मी ते बदलू का, बाबा?"

"बदल," तो म्हणाला. "आणि ती खुर्ची काड. तुजा आजोबा कंदी बसला न्हाय तिच्यावर."